लोमच्या खिजरला

प्रिय खिजर,

चार माणसांत तुला मी 'अहो' म्हणते, पण कागदावर मला 'तू'च लिहिता येतं. उचगावच्या शाळेत एका वर्गात होतो, ते काही सुटत नाही. लिहायची सवय मोडलीय, अक्षर वेडंवाकडं येईल, सांभाळून घे. अम्मी आतल्या खोलीत पडून आहेत, हुस्ना बादशहाभाईंच्या मुलींबरोबर अभ्यासाला बसलीय, आणि माझ्याकडं सध्या वेळच वेळ आहे. मी घराबाहेर पडत नाही. का, ते पुढं येईलच.

इकडं उचगाव कोल्हापुरात घालायचं, हद्दवाढीचं पुन्हा निघालंय. कमानीवर फ्लेक्स लागलाय, दोनदा गाव बंद झालं. तू असतास तर सगळ्यांच्या पुढं असतास. मागच्या वेळी तू आणि केरबामामा फाउंड्रीची पाळी बुडवून रस्त्यावर बसला होतात आणि पोलिसांनी तुम्हाला गाडीत घालून नेलं होतं. अम्मी भाकरी बांधून चौकीत गेल्या, तर तू तिथंही फौजदाराला सांगत होतास, की आम्ही कोल्हापूरचे नव्हे, उचगावचे. गाव राहिलं, फाउंड्रीच गेली. तुम्ही साचे भरायचात त्या जागेवर आता फ्लॅट उभे राहतायत. केरबामामा तिथं वॉचमन आहेत. परवा येऊन पडद्यापलीकडनं म्हणाले, खिजरच्या हातासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, वाळूवरनं फिरवला की साचा आरशासारखा व्हायचा. मला ते ऐकवेना. मी उठून आत गेले. ते बिचारे समजले की मी रडायला गेले.

तू फ्रान्सला गेलास तेव्हा हुस्ना नुकती बोलायला लागली होती. दर शुक्रवारी नमाजनंतर तुझा फोन यायचा आणि तू आम्हाला लोम दाखवायचास. लाल विटांची एकमेकांना चिकटलेली घरं, सतत भरून आलेलं आभाळ, तू कामाला होतास त्या हॉटेलची मागची गल्ली. तूच सांगितलंस, की हे एकेकाळी कापडगिरण्यांचं वेगळं गाव होतं. गिरण्या बंद पडल्या आणि शेजारच्या लील शहरानं ते आपल्यात घेतलं. नगरपालिकेची इमारत अजून उभी आहे, पण मालक शहर. हॉटेलात येणारी म्हातारी माणसं अजून सांगतात, आम्ही लीलचे नव्हे, लोमचे. तू हसायचास. म्हणायचास, आपल्या उचगावातलीच माणसं वाटतात, फक्त रंगानं गोरी. आम्हीही हसायचो. अम्मी तर शेजारणींना सांगायच्या, माझा खिजर फ्रान्सच्या उचगावात आहे.

मग तुझं बोलणं कमी होत गेलं. तिथं राहायचे कागद नाकारले, पुन्हा अर्ज केलाय, एवढंच सांगायचास. एका शुक्रवारी व्हिडिओ नको म्हणालास, रेंज नाही म्हणून. त्या दिवशी तू विचित्र बोललास. लोमचं नाव गेलं तर काय बिघडलं कुणाचं, म्हणालास, लोकांना चार दिवस वाईट वाटलं, मग सवय झाली. मला वाटलं, थकला असेल. तो तुझा शेवटचा फोन. त्यानंतर नंबरच बंद. धाकट्या भावासाठी बादशहाभाईंनी तुला पाठवणाऱ्या एजंटाच्या दारात चकरा मारल्या. दिल्लीला अर्ज केले. मी हिवाळा काढला, रमजान काढला. ईदला अम्मींनी तुझ्या वाटणीचा शीरखुर्मा झाकून ठेवला आणि तो आंबला तरी कुणाला टाकू दिला नाही.

पावसाच्या तोंडाला जयसिंगपूरचा उमर आला. तुझ्या खोलीत राहायचा तो. त्याला ओळखलंच नाही मी, इतका वाळलाय. बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते. त्यानं पाणी घेतलं नाही, वर बघितलं नाही. खाली मान घालून म्हणाला, "खिजर गेला. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलतं. तिथंच माती दिली."

अम्मी ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, त्याला आंघोळ कुणी घातली. उमर म्हणाला, मी. मग अम्मी त्याच्या हातांकडं बघत बसल्या आणि थोड्या वेळानं त्यांनी ते दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. आता मला कळतंय, उमरनं त्या क्षणी हात का ओढून घेतले.

शुक्रवारी मशिदीत तुझ्या जनाज्याची नमाज झाली, जनाजा नसताना. केरबामामा बाहेर चपलांपाशी शेवटपर्यंत उभे होते म्हणे. घरात बायका आल्या. माझ्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. हुस्नाला कुणीतरी सांगितलं, अब्बा अल्लाकडं गेले, तर ती म्हणाली, लोमवरनं किती लांब? आणि मी इद्दतीला बसले. विधवेनं घरात काढायचे महिने, खिजर. पांढरा दुपट्टा, चार भिंती, आणि येणारी प्रत्येक बाई मला पोटाशी धरून रडणार.

उमर पुन्हा आला तो बायकोला घेऊन. इद्दतीतल्या बाईसमोर परका माणूस येत नाही, म्हणून तो पडद्याच्या पलीकडं बसला आणि त्याची बायको माझ्याजवळ. अम्मींचा डोळा लागला होता. तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "वहिनी, तो जित्ता हाय. मी खोटं बोललो. त्यानंच कुराणाची शप्पथ घालून बोलाया लावलं."

त्याच्या बायकोनं माझ्या तोंडावर हात ठेवला, मी ओरडेन म्हणून.

सगळं सांगितलं त्यानं. मटण कापायच्या मशीनमध्ये तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कागद नव्हते, म्हणून मालकानं टाके पडल्याबरोबर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. भाजीमार्केटात पेट्या उतरवतोस, कधी मशिदीत झोपतोस, कधी बंद गिरणीच्या मागं. उमर बिनकागदाचा पकडला गेला आणि त्याला परत पाठवायचं ठरलं, तेव्हा तू त्याला गाठलंस. म्हणालास, रिकाम्या हातानं आणि तुटक्या बोटांनी मी कुणाच्या दारात उभा राहू? त्यापेक्षा गेलो म्हणून सांग. चार दिवस रडतील, मग सवय होईल.

नाही होत सवय, खिजर. गाव शहरात गेलं तरी माणसं आपापल्या घरातच होती, दार वाजवलं तर उघडत होती. तू आम्हाला काय ठेवलंस? मी तुझ्यावर इतकी चिडले, की एक दिवस मनात आलं, खरंच मेला असता तर बरं झालं असतं, निदान मला खरं रडता आलं असतं. हे लिहू नये, पण लिहिते. लोक माझ्यापुढं दुःख करतात आणि मी मान खाली घालून बसते. त्यांना वाटतं केवढं सोसतेय. मी रात्रंदिवस एकच घोकत असते, तुझ्या हातावर आता नीट पट्टी तरी कोण बांधत असेल.

लोममधल्या उमरच्या मित्रानं मला फोन लावून तुझ्या कानाला धरला, तो तू कापलास. म्हणून हा कागद. तो मशिदीत तुझ्या हातात देईल. लिहायचं कारण असं, की अम्मींनी अन्न सोडलंय. त्या रोज उमरकडं तुझ्या कबरीचा फोटो मागतात, आणि परवा बादशहाभाई पासपोर्टच्या ऑफिसात जाऊन आले, लोमला येऊन तुझ्या कबरीवर माती घालायला. मी कुठली कबर दाखवू त्यांना? मला पैसे नकोत, बोटं नकोत, तू कधी येशील हेही आज विचारत नाही. हा कागद मिळाल्यानंतर येणाऱ्या शुक्रवारी नमाज झाली, की त्या मित्राच्या फोनवरनं घरच्या नंबरला फोन कर. अम्मींच्या उशाशी मी फोन ठेवीन, त्याच उचलतील. तू नुसतं 'अम्मी' म्हण. पुढचं मी बघते. फोन आला नाही, तर त्याच संध्याकाळी मी बांगड्या घालून गल्लीत जाईन. सगळ्या बायका विचारतील, वेड लागलं का. मग मी अम्मींसमोर बसून सांगेन, की तुमचा मुलगा जिवंत आहे आणि त्याला तुम्ही नको आहात. हे ऐकून त्या जगतील असं मला वाटत नाही. तरी सांगेन. जिवंत माणसाची विधवा म्हणून याच्यापुढं एक दिवसही मला बसवणार नाही.

अजून तुझीच बायको,
शबनूर