शेवटच्या पाच फ्रेम

३ फेब्रु., मंगळ.
इतकी वर्षं सुचलं नाही, मग पप्पांचा फोटो मला आत्ताच का हवाय?

घरात त्यांचा धड एक फोटो नाही. चाळीतली लग्नं, बारशी, चौदा एप्रिलची मिरवणूक, सगळं त्यांनी टिपलं. स्वतः कायम कॅमेऱ्यामागे. मला पदवी मिळाली तेव्हा फ्लॅश लावून कॅमेरा मामाच्या हातात दिला. मामाने उगाच शटरचं चक्र फिरवलं. अर्धा फोटो काळा आला. उजेडात आई नि मी, काळ्यात पप्पा.

डॉक्टर पप्पांच्या फुप्फुसांबद्दल आता ‘बघू’ एवढंच म्हणतात.

५ फेब्रु.
मोबाइल समोर धरला की पप्पा तोंडावर हात घेतात. “काढायचा तर माझ्या कॅमेऱ्याने काढ.” पण खोलीत अंधार, आणि ऑक्सिजनची नळी गॅलरीपर्यंत पुरत नाही. जुना फ्लॅश कधीच बंद पडलाय.

थांबत थांबत त्यांनी सांगितलं : रशियन रेंजफाइंडर कॅमेरा आहे, डोक्यावर नुसती खाच, तिला कनेक्शन नाही. बाजूच्या भोकात वायर जाते. वायरवालाच फ्लॅश बघ. शटर तीसवर, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. वर गेलीस तर पडदा पुरता उघडत नाही.
“नाहीतर तुझाही मामा होईल.”
मी म्हटलं, आपल्या माणसांचा इतिहास आपणच जपायला हवा.
“इतिहास नंतर. आधी तीस.”

७ फेब्रु., शनि.
ग्रंथालयातली ड्युटी सुटल्यावर गिरगावात, जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात. पहिला फ्लॅश देखणा, पण वायरला जागाच नाही. “मॅडम, ये डिजिटलवाला है. तुमच्या कॅमेऱ्याशी बोलणार नाय.” दुसऱ्याला वायर होती, शिवाय पुढे बारीक डोळा, उजेड पुरेसा झाला की आपणच थांबतो. दुकानदारांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून उडवून दाखवला. तीसवर अख्खी चौकट उजळली. सव्वाशेवर नुसती पट्टी.

घेतला. छत्तीसचा रोलही. पप्पांनी स्वतः भरला.
“शेवटच्या पाच राख हां. बोलावणं कधी येईल सांगता येत नाही.”
ही त्यांची जुनी सवय.

८ फेब्रु., रवि.
दुपारी भिंतीवर फ्लॅश उडवून पाहिला. दोन मिनिटांत शेजारच्या लताकाकू दारात, डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी.
“कधी गं...?”
आतून पप्पा : “आहे अजून, वहिनी. या, चहा घ्या.”
काकू हसल्या आणि मग खरंच रडल्या.

त्या गेल्यावर आई बोलली. माणूस गेलं की पप्पांना बोलवायचे. उचलण्याआधी शेवटचा फोटो. कितीतरी घरांत तेवढाच एक. “भरदुपारी तो उजेड पडला की चाळीला कळायचं.” पाच फ्रेम त्यासाठी.

आणि मी दोन दिवस त्यांनाच विचारत होते, कुठला फ्लॅश चालेल. त्यांनी सगळं नीट सांगितलं.

११ फेब्रु.
फ्लॅश डब्यात. दार सताड उघडलं, ट्यूबलाइट लावली, लेन्स पूर्ण उघडी. शटर पंधरा.
“फोटो हलणार,” पप्पा.
मी दाराच्या चौकटीला पाठ लावली.
“श्वास रोखून धर.”
त्यांना जे जमत नाही, ते मी केलं. एकतीस वेळा. एकदा आईला बळेच शेजारी बसवलं. “शी, गाऊनवर?” म्हणाली, पण उठली नाही.

१४ फेब्रु., शनि.
सकाळी पप्पांना हॉस्पिटलात हलवलं. मामाचा फोन : “बाय, कॅमेरा जवळ ठेव. आता तुलाच काढायला लागणार. त्यांनी सगळ्यांचे काढले.”
खरं आहे. सगळ्यांचे काढले.
कॅमेऱ्यावरचा आकडा एकतीसवर होता. बाकी पाच. पप्पांनी मास्क जरा बाजूला करून विचारलं, “राखल्यास?”
मी मान हलवली. ते काय समजले, देव जाणे.

घरी येऊन रोल उलटा गुंडाळला आणि दादरला धुवायला देऊन आले. पाच कोऱ्याच गेल्या. पप्पा आलेत की हललेत, आठ दिवसांनी कळेल. फ्लॅशमधले सेल काढलेत. कॅमेरा रिकामा आहे.