पुसलेले ठिपके

मोखाडा, गुरुवार, फेब्रुवारी २००३

डोकं उठलंय. पोशेरा गावाच्या नळयोजनेसाठी जिल्ह्याहून आलेला नकाशा आराखडे काढायच्या कॅड प्रोग्रॅममध्ये घ्यायला तीन दिवस गेले. आधी फाइल उघडेना. उघडली तर डोंगरभर नुसते बारीक ठिपके. कचरा समजून पुसले, तेव्हा कुठे कॉम्प्युटर हलला.

आज छापील नकाशा साहेबांकडे नेत होतो. ऑफिसातला शिपाई सोमादादा, आमच्याच पाड्यावरचा, त्यावर बोट फिरवत म्हणाला, "भाऊ, रस्ता हाय, नदी हाय. आपला पाडा कुठं हाय?"

एकेक ठिपका म्हणजे एकेक घर. पाड्यावरची घरं लांब लांबच असतात, हे मला कुणी सांगायला हवं होतं? आईच्या घराचा ठिपका मीच पुसला, आणि तीन दिवस शिव्या घातल्या नकाशावाल्यांना.