एकवीस झबल्यांचा शब्द

१९ जानेवारी, रविवार

वही उघडण्याचं कारण आधी स्पष्ट नोंदवते. काल नातीची छठी झाली आणि मी विहीणबाईंसमोर शब्द देऊन बसले.

राजकोटहून विहीण रंजनबेन आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. बाळाची आत्या म्हणून त्या मुलीने नाव ठेवलं : हेत्वी. अर्थ मी विचारला नाही. पाचव्या महिन्यात माझी पौरवी बाळाला घेऊन सासरी जाईल, त्या दिवशी आमच्या घरून बाळाचं जियाणं जायचं. कपडे, घोडियुं म्हणजे पाळणा, खेळणी, सगळं. सासरी ते मांडतात, शेजारपाजारच्या बायका येऊन बघतात, उलटसुलट करून बघतात.

रंजनबेन म्हणाल्या, “वेवाण, तुम्ही डोळे फोडत बसू नका. बाजारात तयार सेट मिळतात.” मी म्हटलं, झबली मी घरी शिवणार, एकवीस. पौरवी बारा वर्षांची होईपर्यंत तिला बाजारचा एक फ्रॉक घातला नाही मी. त्या हसल्या. “तुम्ही जन्मभर शिकवलंत. शिवणं वेगळं.” मी म्हटलं, फरक एका अक्षराचा आहे. त्यावर आमचे हे गांठियातून मान वर न काढता म्हणाले, “ते अक्षर क आहे. कात्रीतला.”

सगळे हसले. पौरवी जास्त हसली. टाके ताजे आहेत, एवढं हसू नये.

नंतर हे मला म्हणाले, “कुमुद, लिहून ठेव म्हणजे झालं.” यात टोमणा नसावा.

जियाणं १८ मे. हातात एकशे एकोणीस दिवस. झबल्याला पाच दिवस धरले तरी दोन आठवडे शिल्लक राहतात. त्यात टोप्या.

२० जानेवारी

मशीन माळ्यावरून उतरवलं. (उतरवलं ह्यांनी. देखरेख माझी.) तेल घातलं. सुई नाही. रीळ आहे, पण धागा हात लावला की तुटतो. हल्ली धागे चांगले येत नाहीत. हे म्हणाले, हे रीळ हल्लीचं नाही.

२२ जानेवारी

टेप घेऊन बाळाकडे गेले तोच राजकोटचा फोन. रंजनबेनना वास कसा लागतो कळत नाही. म्हणाल्या, “सव्वा महिना होईपर्यंत बाळाला टेप लावायची नाही हं, वेवाण. माप घेतलं की वाढ खुंटते.”

मी ब्याऐंशी साली गणित घेऊन पदवीधर झाले. तेहतीस वर्षं मुलींना शाळेत भूमिती शिकवली. टेपने कोणी खुंटत नाही. पण पौरवी म्हणाली, “मम्मी, पाळू या ना. मला तिथे राहायचंय.” पाळलं.

अडचण आली की प्रतिकृती वापरावी. छठीच्या पूजेतलं श्रीफळ देवापुढे होतं. एका हातावर बाळ घेतलं, दुसऱ्या हातावर श्रीफळ. डोळ्यांनी नीट पडताळलं. घेर सारखा. श्रीफळाला टेप लावली : तेरा इंच. शेंडीची बाजू म्हणजे डोकं.

२५ जानेवारी, शनिवार

एकवीसच्या एकवीस झबली आज एकदम बेतली. मलमलच्या घड्या घातल्या, वर कागदी नमुना ठेवला, कात्री चालवली. एकेक बेतत बसणं हा अडाणी कारभार.

हे दारात उभे होते. “एक आधी शिवून बघायचं ना.” मी सांगितलं, प्रमेय एकदा सिद्ध झालं की ते प्रत्येक त्रिकोणावर पुन्हा सिद्ध करायचं नसतं. ते ग्रंथालयात गेले. शनिवारी ते ग्रंथालयात जातात. पौरवी लहान असल्यापासूनची सवय. वाचनाची आवड चांगली.

३ फेब्रुवारी

पहिलं झबलं पूर्ण. पाचाऐवजी नऊ दिवस लागले, ते सुरुवात म्हणून. श्रीफळाला घालून पाहिलं. चपखल.

दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या निघाल्या. श्रीफळाला हात नसल्यामुळे हे उशिरा लक्षात आलं. एक बाही उलटून लावली. तिची शिवण आता बाहेरून दिसते. नक्षी म्हणून चालेल.

२१ फेब्रुवारी

सव्वा महिना झाला. टेप लावली. छाती सव्वापंधरा इंच.

पुन्हा लावली. सव्वापंधरा.

एवढ्याशा दिवसांत सव्वादोन इंच. याला वाढ म्हणत नाहीत, बेशिस्त म्हणतात. दोष बाळंतिणीच्या काटलुंचा. रोज दोन चौकोन, त्यात डिंक, सुंठ, वाटीभर तूप. पौरवीला सांगितलं, एक चौकोन कमी कर. ती म्हणाली, “बाळ वाढतंय अशी तक्रार करणारी तू पहिलीच नानी असशील.” मी म्हटलं, श्रीफळ अजून तेरावर आहे. हे म्हणाले, “श्रीफळ काटलुं खात नाही.”

या घरात विषयाला धरून कोणी बोलत नाही.

१ मार्च, शनिवार

उपाय सापडला. दोन्ही बगलांत पट्टी जोडायची. दोन झबल्यांना जोडली. घेर वाढला. गळा तेवढाच राहिला, म्हणून तो पुढे चिरला. चिरल्यावर तो आपणहून आणखी चिरला गेला.

दोरीवर वाळत घातलं तर ह्यांनी खाली उभं राहून वर पाहिलं. “उत्तरायण होऊन दीड महिना झाला, कुमुद. हा पतंग कोणाचा आला?” आणि ग्रंथालयात गेले.

१५ मार्च

आज ट्रंक उघडली. पौरवीचे लहानपणचे फ्रॉक मी जपून ठेवले आहेत, अठरा. नमुन्यासाठी काढले. उलटे करून आतली शिवण पाहिली. काय काम करत होते मी. एकसारखा टाका, कडा दुमडलेल्या, काज अशी की बोटाला लागत नाहीत. रविवारच्या रविवारी बसून, तपासायच्या वह्यांचा ढीग बाजूला ठेवून, हे मी केलेलं आहे.

मागच्या गळ्याच्या आत तीन बारीक लाल टाके आहेत. का घातले होते आठवत नाही. माझी खूण असेल.

आत्मविश्वास परत आला. हात तोच आहे. दोष सुईचा.

ह्यांनी ट्रंक उघडी पाहिली आणि चहा करू का विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदा. चहात साखर नव्हती.

६ एप्रिल

आढावा. पूर्ण झबली तीन. पैकी बाळाला होणारी, सध्या एकही नाही. छाती सोळा इंच. श्रीफळातलं पाणी आटलं, हलवलं की आत गोटा खुळखुळतो. हेत्वीला तो आवाज आवडतो. अर्धा दिवस तेच चालतं, मशीनवर बसायला वेळ मिळत नाही.

दुपारी रंजनबेनचा फोन. जियाणं बघायला पंचवीस बायका सांगितल्या आहेत. “सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, आमच्या वेवाण हाताने शिवतायत. बाजारचा एक तुकडा नसणार.” हे कौतुक होतं की काय होतं, आवाजावरून ठरवता आलं नाही. पौरवी शेजारीच होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “मम्मी, त्या बायकांसमोर मी उभी असणार आहे. तू नाही.”

मी म्हटलं, वेळेत होईल. तिने हेत्वीला खांद्यावर घेतलं आणि आत गेली.

१९ एप्रिल, शनिवार, दुपारी १

आज मनजीभाई दरजींच्या दुकानात गेले, फक्त काज करून घ्यायला. काज हे किरकोळ काम आहे, ते दुसऱ्याला द्यायला हरकत नाही. हे म्हणत होते, “मी जातो ना, तू कशाला उन्हात.” मी गेलेच.

मनजीभाई ऐंशीच्या पुढे असतील. माझी तीन झबली त्यांनी हातात घेतली, उलटी केली, चष्मा वर सरकवला. मग विचारलं, “नेहमीसारखं, बेन? सगळं उसवून?”

मी विचारलं, नेहमीसारखं म्हणजे काय.

“म्हणजे साहेब शनिवारी आणायचे तसं. मी उसवून परत बसवायचो. तुमचा टाका कडक हो, उसवायलाच तास जायचा. बेबीचे फ्रॉक किती केले आपण. आज साहेब नाही आले?”

दुकानात तयार कपडे टांगले होते. एक परकर-पोलकं वाऱ्याने फिरलं. गळ्याच्या आत तीन लाल टाके.

मनजीभाईंचं वय झालं आहे. या वयात माणसं नसलेल्या गोष्टी आठवतात. त्यांना दुखवू नये. नमस्कार करून झबली परत आणली. काज राहिली.

संध्याकाळी ५

ट्रंक उघडली. अठरा फ्रॉक पलंगावर मांडले. लाल टाके : सतरा. अठरावा पिवळा, फुग्याच्या बाह्यांचा, त्याला नाहीत. त्याच्या बाहीत हात घालून पाहिला. बाही शेवटी शिवून बंद केलेली आहे.

हे ग्रंथालयातून आले. हातात पुस्तक नव्हतं. इतक्या वर्षांत कधी पुस्तक असायचं का, हे आठवून पाहिलं.

फ्रॉक घड्या घालून ट्रंकेत ठेवले.

२० एप्रिल

मशीन पुसलं.

२२ एप्रिल

पौरवी बाळाला पाजत होती. मी सहज विचारलं, मनजीभाईंची स्मरणशक्ती कशी आहे. ती म्हणाली, “पप्पांनी सांगितलं काल. तू दुकानात गेलीस ते.” मग म्हणाली, “मम्मी, घरात सगळ्यांना माहीत होतं.”

मी विचारलं, मग घालायचीस कशाला?

“मनजीकाकांचे फ्रॉक छानच असायचे.”

हे उत्तर बरोबर होतं. मी उठले. ती म्हणाली, “बस ना. तू रविवारी मशीनवर बसायचीस, तेव्हा मी खाली बसायचे. पायडलजवळ, तुझ्या साडीत. बाकीचे सहा दिवस तू शाळेतल्या मुलींची. रविवारी मशीन चालू असेपर्यंत तू उठायची नाहीस. म्हणून मी रोज सांगायचे, मला नवा फ्रॉक हवा.”

पायडलजवळ बसणं धोक्याचं आहे. चाकात बोट सापडू शकतं. तेव्हा कळलं असतं तर मी सक्त मनाई केली असती.

बरं झालं कळलं नाही.

३ मे

उरलेले दिवस पंधरा. उरलेली झबली अठरा. दिवसाला एक आणि एक पंचमांश. गणिताने शक्य आहे.

सकाळी बसले. सुई बोटातून गेली. बोट माझं होतं, तरी हेत्वी रडली. केसर आंब्याची पेटी आली, ती उघडून गवत काढण्यात दुपार गेली. संध्याकाळी छाती मोजली : सतरा. मी तिला काही बोलले नाही. ती माझ्याकडे बघून हसली. वरचे दात नाहीत, खालचेही नाहीत. अशा माणसावर रागावण्यात अर्थ नसतो.

१० मे, शनिवार

सकाळी नवी मलमल आणली. घडी घालून जेवणाच्या टेबलावर ठेवली. वर चिठ्ठी ठेवली : छाती सतरा, एक इंच वाढ धरावी, गळा मोठा, संख्या वीस. टेपही ठेवली.

ह्यांना सांगितलं, शनिवार आहे, ग्रंथालयात जायचं असेल तर जाऊन या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. टोपी घातली. म्हणाले, “पुस्तक आठवड्यात परत मिळेल. बोलून ठेवतो.”

ते गेल्यावर मी टेबलाकडे गेले नाही. पिशवीतून त्यांनी काय नेलं ते मी पाहिलेलं नाही.

१७ मे, शनिवार

पुस्तक परत आलं. वीस प्रती. माझी टेपही आली, मनजीभाईंनी तिचा तुटलेला टोकाचा पत्रा बसवून दिला आहे.

एकेक हेत्वीला घालून पाहिलं. एकेक झालं. पौरवी घड्या घालत होती. मी म्हटलं, वीसच आहेत, एकवीस शब्द दिला होता. ती म्हणाली, “तुझं एक असणारच आहे.” मी सांगितलं, पतंग चालणार नाहीत. “पतंग नाही. पहिलं.” ते तिने कुठे ठेवलं होतं कोणास ठाऊक.

१८ मे, रविवार

सकाळी दहाला रंजनबेन आणि जमाई गाडी घेऊन आले. जियाणं बैठकीत मांडलं. रंजनबेननी पहिलं झबलं उचललं आणि थेट उलटं केलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“वाह, वेवाण. माझे शब्द परत घेते. काय हात आहे.” मग गळ्याच्या आत बोट ठेवून, “हे तीन लाल टाके कसले?”

मी म्हटलं, आमच्या घरची खूण आहे. तीस वर्षांची. हे खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं.

रंजनबेननी मोजली. वीस. पुन्हा मोजली. “एकविसावं?”

पौरवी देवघरातून आली. हातात नवं श्रीफळ, त्याला माझं पहिलं झबलं घातलेलं. एक बाही सुलटी, एक उलटी. वरून शेंडी. श्रीफळ बाजारातून कालच आलेलं, तरी झबल्याला कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही. प्रमेय सर्व श्रीफळांना लागू पडतं.

पौरवी म्हणाली, “हे एकविसावं. आमच्याकडे जियाण्याचं श्रीफळ उघडं जात नाही.” आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, पूर्वीपासूनची रीत आहे.

रंजनबेननी श्रीफळ दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं. म्हणाल्या, “आमच्यात नाही. पण चांगली आहे. पुढच्या खेपेला आम्हीही करू.” गाडीत त्या ते मांडीवर घेऊन बसल्या. हेत्वी पौरवीच्या मांडीवर. पौरवीने काच खाली करून सांगितलं, “मम्मी, मशीन माळ्यावर टाकू नकोस. आम्ही दिवाळीला येतोय.” गाडी वळेपर्यंत मी उभी होते. वळल्यावर काम नव्हतं म्हणून आणखी थोडी उभी राहिले.

सुपूर्द केलेल्या वस्तू :

पौरवी, १.
हेत्वी, १. छाती सव्वासतरा.
लाकडी घोडियुं, गादी आणि झोळीसह, १.
चांदीची वाटी-चमचा, १ जोड.
खुळखुळे, ३. जुनं वाळलेलं श्रीफळ, हेत्वी सोडेना म्हणून, १.
काटलुं, १ डबा.
टोप्या, ५. झबली, २०. शिवण : घरची खूण असलेली.
श्रीफळ झबल्यासह, १. शिवण : कुमुद. माप : बरोबर.