जात्यामागचा धवला

आये, आज मावशीकडे जाऊन आले. लग्नात तुझ्यामागून सूर धरायची ती, तुझी जोडीदारीण. दात गेलेत, पण जिभेची धार तशीच आहे. पोराचे ट्रेलर न्हावा शेवा बंदरात चालतात, त्यामुळे दारात जुन्या टायरांची रास आहे आणि म्हातारी त्या टायरांवर सुपं मांडून जवळा वाळवते. तिच्याकडून एक धवला मागून आणायला गेले होते. तो काही मिळाला नाही. दुसरंच काहीतरी ऐकून आले आणि तेव्हापासून हातातलं काम बाजूला पडलंय. तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तोंडानं बोलायला गेलं की आपलं भांडणच व्हायचं.

परदेशात लोक विचारतात, तुझ्या घरी कोणी संगीतात होतं का. मी सांगते, आई लग्नं लावायची, गाऊन. त्यांना वाटतं मी गंमत करतेय. त्यांना कसं सांगू की आमच्याकडे भटाच्या आधी लग्नविधीचे धवले गाणाऱ्या धवलारणीला बोलावणं जातं, हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचा धवला लागतो, आणि तो म्हटल्याशिवाय पोरगी मांडवाबाहेर पाऊल टाकत नाही. तुझे दोन नियम होते. मांडव नसेल तर धवला म्हणायचा नाही. आणि एकदा घेतला की मध्ये सोडायचा नाही, मग आभाळ कोसळो. मी लहान असताना एका लग्नात मांडवाच्या खांबावर आपटले, हनुवटी फुटली, परकर रक्तानं भिजला. तू बघितलंस. डोळ्यांत पाणी आलं तुझ्या, ते मला दिसलं. पण तोंड थांबलं नाही. मावशीसुद्धा तुझ्या सुराला बांधलेली, तिला तरी कसं उठता येणार? शेवटी कुठल्यातरी परक्या बाईनं हळद दाबली. धवला संपल्यावर तू अशी धावत आलीस की समई लवंडली. "मधी सोरला तं त्या पोरीचा संसार मधी सुटतं गो," म्हणालीस. ती खूण अजून आहे हनुवटीवर. व्हायोलिन नेमकं तिथंच टेकतं.

ते व्हायोलिन तुझ्या डोळ्यांत सलायचं. पनवेलच्या वसतिगृहात सिस्टरनी ते माझ्या हातात दिलं, तेव्हा तू म्हणालीस, रडक्या पोराला मांडीवरून उचलून खांद्यावर घेतलंय जणू. मग एकेक स्थळ आलं, मी एकेक मोडलं. गावभरच्या पोरींना तू धवला म्हणून सासरी धाडलंस आणि तुझीच पोर घोडनवरी. बायका तोंडावर काही बोलायच्या नाहीत, पण मांडवात तू गायला लागलीस की नजरा माझ्याकडे वळायच्या. मग शिष्यवृत्ती मिळाली, संगीतरचना शिकायला परदेशी जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळपासून तू जात्यावर बसलीस. गावात गिरणी येऊन जमाना झाला होता, जातं निघायचं ते फक्त लग्नाच्या तांदळाला. गाडी दारात उभी, बाबा पिशवीत सुके सोडे कोंबतायत, शेजारपाजार जमलाय, आणि आतून नुसती घरघर. मी दारातून हाक मारली. तू भिंतीकडे तोंड करून बसलेली, शेजारी मावशी. पाठ हलतेय, हात फिरतोय. दुसऱ्यांदा हाक मारली तरी वळली नाहीस. मग मलाही राग चढला. म्हटलं, राहा बसून. गाडीत बसले आणि खाडी येईपर्यंत मागे बघितलं नाही.

तो राग मी फुकट घालवला नाही, हे मात्र कबूल कर. माझी पहिली नावाजलेली रचना त्याच सकाळची आहे. तंतुवाद्यांसाठी. सुरुवातीला चेलो आणि डबल बास खालच्या सुरात घासत गोल गोल फिरत राहतात, वरून एक व्हायोलिन दोनदा हाक मारतं आणि त्याला कोणी उत्तर देत नाही. लोकांना फार आवडली. कुठल्या कुठल्या शहरांत वाजली. पुढे मी पुष्कळ लिहिलं, बायकांच्या समूहासाठी बिनशब्दांचं, एकट्या चेलोसाठी, भरतीच्या पाण्यावर मोठ्या वाद्यवृंदासाठी. पण माझं नाव निघतं ते त्या जात्यामुळे. मुंबईत ती वाजली तेव्हा तुला आणि बाबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. नवं लुगडं नेसून आलेलीस, पाय खुर्चीवर दुमडून बसलीस. संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तू माझ्याकडे टक लावून बघत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "जाता बराबर हाय. पन गाना कुठं जेला?" मला इतकं लागलं ते. सगळेच विचारतात तसं तूही विचारलंस, यात चाल कुठाय, गाणं कुठाय. मी म्हटलं, असल्या संगीतात गाणं नसतं आये, तुला नाही कळायचं. तू नुसती मान हलवलीस. पुढच्या शिमग्याआधी तू गेलीस, आणि आपलं ते बोलणं तिथंच राहिलं.

आता परदेशातल्या एका वाद्यवृंदाला तीच रचना मोठी करून हवी आहे, मधल्या भागात बाईच्या गळ्यासह. मला वाटलं, इथं पाठवणीचा धवला घालावा, पण त्याची चाल मला आता तुटकच आठवते. तुझा कुणी कधी टेप केलेला नाही, तू करूच द्यायची नाहीस. म्हणून मावशी. तिनं ऐकून घेतलं, जवळ्यातला कचरा निवडत राहिली आणि म्हणाली, "मांडव कुठं हाय?" म्हटलं, मावशी, नुसती चाल सांग, शब्द नको. "नाय. तुझे आयशीनी एकदा मांडवाबिगर म्हनला, तवा तिचेशी म्हैनाभर बोलली नव्हती मी." मी हसले. म्हटलं, आई? आई नियम मोडेल होय? तशी तिनं सूप खाली ठेवलं. "तू इमानान बसून परदेशी जावाला निंगालीस त्या रोजी. जात्यावर. तुझा पाठवनीचा धवला घेतला तिनी. मी शेजारी बसलेली, मना म्हनली, सूर धर. मी नाय धरला. एकटीच म्हनत व्हती, हलू, बाहेर कोनाला ऐकू जाव नये म्हनून. तुझा नाव घातला. नवऱ्याचे जागी तुझे त्या खांद्यावरचे बाजाचा नाव घातला."

मी तिथंच टायरावर बसले. विचारलं, मी हाक मारली होती, ऐकली होती का तिनं? मावशीला माझी कीवच आली असावी. म्हणाली, "ऐकली का म्हंजे? डोल्यांतला पानी पिठात ठिबकत व्हता. पन मधी कसा सोरल ती?"

आता सांग, मी काय करू. माझ्या कानांचं लोक कौतुक करतात. शंभर वाद्यांतलं एक सुरातून उतरलेलं असलं तर मला कळतं. आणि आपल्या घराच्या दारात उभी राहून मी जातं ऐकलं, त्यामागची तू ऐकू आली नाहीस. मग ते तेवढंच जातं घेऊन जगभर फिरले, आणि तू समोर बसून विचारलंस तर तुलाच शिकवायला गेले. मावशीला परत परत विनवलं. ती म्हणाली, नवरी आन, मग म्हनतू. मला लेक ना सून, या वयात नवरी कुठून आणू? तिच्यामागे तो म्हणणारं कोणी नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर येऊन त्या रचनेची जुनी ध्वनिफीत लावली, चेलोंच्या घरघरीत कान घालून बसले. अर्थात तिथं काही नाही. जे मी ऐकलंच नाही, ते मी लिहिणार कुठून.

हे पत्र कुठं टाकायचं तेही कळत नाही. आपलं घर होतं तिथं आता कंटेनर रचलेत, बाबांच्या मिठागरासकट. वाद्यवृंदाला उद्या कळवीन की मधला भाग जमणार नाही, जुनंच वाजवा. आणि एक राहिलं. तू जन्मभर समजलीस की मला यातलं काहीच नको होतं. लग्न नकोच होतं गो, त्याबद्दल माझं आजही तेच म्हणणं आहे. पण दुसऱ्यांच्या मांडवात तू गायला लागलीस की मी खांबाला टेकून डोळे मिटायची, आणि त्या पोरीचं नाव यायच्या जागी मनात हळूच माझं घालून बघायची.