ओलं की सुकं

आप्पा, परवा खानवेलला मी पंच झालो. हसू नका. वासोण्याच्या सिंहांच्या बागेतली नोकरी सोडली, समोर आली त्या बसमध्ये बसलो, खानवेलला मैदानात कबड्डी दिसली आणि उतरलो. एका संघाच्या पोरांनी जेवू घातलं, वर पंच आला नाही म्हणून मलाच उभं केलं. सामना बरोबरीत. मग पाच-पाच चढाया, तरी बरोबरी. आता नाणेफेक, जिंकेल त्याची एकच शेवटची चढाई. पण नाणं कुणाच्याच खिशात नाही, सगळे मोबाइलवाले. शेवटी तुमच्यासारखं कौलाचं खापर उचललं, त्याच्या एका बाजूवर थुंकलो आणि विचारलं, "बोला, ओलं की सुकं?"

तुमचा तो रविवार आठवला. सिल्वासात कंपनीच्या चाळीमागचं पटांगण, तुमच्या शर्टाला अजून सुताचा भुगा चिकटलेला. मी कॅप्टन, तुम्ही पंच, बरोबरी झालेली. मी ओलं मागतो, तुम्ही खापर उडवता, वाकून बघता आणि म्हणता, "सुकं." मी ओरडतो, "आप्पा, ओलं होतं! मी बघितलं!" तुम्ही वर न बघता, "चूप. पंचाले पोरगं नसतं." समोरची पोरं फिदीफिदी हसतात. चढाई त्यांची, आम्ही हरलो. हरल्याचं काही नाही, पण बापच खोटं बोलला हे डोक्यातून जाईना. वर्षभर तुमच्याशी धड बोललो नाही, मग घरच सोडलं. तुम्ही गेलात तेव्हा मी दमणला एका हॉटेलात प्लेटा धूत होतो.

तर खानवेलला खापर पडलं ते धुळीत. थुंकीला माती चिकटली, वरची बाजू ओली की सुकी, काही कळेना. कुणीतरी ओरडलं, "ओ पंचभाई, आंधळो छे के?" मी म्हणालो, "सुकं." का म्हणालो? ओलं मागणारे म्हणजे मला जेवू घालणारेच. खरंच सुकं दिसलं, की त्यांच्या भाताला जागलो असं कुणी म्हणू नये म्हणून? तुम्हालाही तेव्हा दिसलं नव्हतं का? की दिसलं होतं आणि मी तुमचा पोरगा होतो म्हणून... आईला विचारलं तर म्हणाली, "त्यांनाच विचारायचं होतंस ना."

हा कागद पिशवीत ठेवतो, टाकणार तरी कुठल्या पेटीत. एक राहिलं, आप्पा. त्या रविवारी खापर खाली येताना मी डोळे गच्च मिटले होते. मी काही बघितलं नव्हतं.