दुसरा हात

प्रिय सुई,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग तुझाच राग आला. नवऱ्याला सोड आणि आहेस तशी निघून ये म्हणे! त्या बटणवाल्याने तुझ्या घरी बसून माझ्या गळ्यावरच्या ओरखड्यांचं आणि सुजलेल्या ओठाचं अगदी रंगवून वर्णन केलेलं दिसतंय. मेला बटणं विकायला येतो की माझं तोंड बघायला? इथे गल्लीतही तेच चाललंय. समोरची दूधवाली हल्ली ह्यांच्या हातात दुधाची पिशवी देत नाही, पायरीवर ठेवते. अगं, ज्या माणसाला झुरळ मारवत नाही, कागदावर उचलून खिडकीबाहेर सोडतो, तो मला मारणार? ह्यांनी उभ्या जन्मात लाथ घातली असेल तर ती ट्रकच्या टायरला. अक्षर वेडंवाकडं आलंय त्याकडे बघू नकोस, उजव्या हाताला बँडेज आहे. त्यातही ह्यांचा काही हात नाही.

मारतात त्या बाई. हो, आपल्याच, शिवणक्लासच्या बाई. सासू झाल्या तरी मी त्यांना कधी आई म्हटलं नाही, जीभच वळली नाही. तुला लिहिलं होतं ना, त्यांना आठवेनासं झालंय? ते आता पार पुढे गेलंय. मुलाला कधी भाऊ समजतात, कधी गिऱ्हाईक. मला मात्र नेमकं ओळखतात, म्हणजे क्लासमधली पोरगी म्हणून. मी मशीनवर बसले की मागून येऊन केस धरतात आणि मान मागे खेचून विचारतात की तुरपाई कुणी केली. मध्यंतरी गरम चहा अंगावर फेकला. अंगठ्याला असा चावा घेतला की नख काळं पडलंय. आणि तो क्लासमधला रूळ, दोन्ही टोकांना पितळ बसवलेला, तो उशाशी घेऊन झोपतात. एवढीशी म्हातारी, दुलईत शोधावी लागते, पण रूळ हातात आला की काय ताकद येते गं! डॉक्टर म्हणाले, वय आहे, सांभाळून घ्या. त्यांचं काय जातं म्हणायला?

त्यात यंदाची थंडी म्हणजे नुसता उच्छाद आहे. सकाळी नळाखाली हात धरवत नाही, बोटांची कातडी फुटून कापडाला रक्त लागतं. खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी साचतं. सगळ्या घरात एकच खोली गरम, त्यात शेगडी, माझं मशीन, कोटांचा ढीग, बाई आणि मी. दार उघडलं की ऊब जाते, म्हणून दार बंद. हे महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. डॉक्टर माझंही ब्लड प्रेशर वाढलंय म्हणतात. वाढेल नाहीतर काय! तुझ्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं, पण सुनेने दुकान हातात घेतलं आणि आता तू घरी बसून कबुतरांशी भांडतेस, हे वाचून पोट धरून हसले. नातवाला दात येतायत तर चावायला घट्ट शिवलेलं कापड दे, विकतचं रबर देऊ नकोस.

हो, एक सांगायचं राहिलं. बाईंच्या उजव्या हाताचं बोट मोडलंय. न्हाणीघरात पाय घसरला. थंडीत फरशी वाळत नाही ना. ह्यांच्या मनाला इतकं लागलं की दुसऱ्याच दिवशी रबराची चटई आणून घातली आणि तिच्यावर स्वतः उड्या मारून बघितल्या.

तुला आठवतं, क्लासमध्ये आपण कशा बसायचो? बाईंच्या खुर्चीपाशी तुझं मशीन, तुझ्या पलीकडे माझं. शिवण वाकडी माझी जायची आणि रूळ आधी तुझ्यापर्यंत पोचायचा. त्यांना कोण चुकलं याच्याशी फारसं देणंघेणं नसायचं. डावा हात आधी, कारण उजव्याने काम करायचं असतं. हात आपणच पुढे करायचा, तळवा वर, अंगठा बाजूला म्हणजे हाड वाचतं. डोळ्यात पाणी आलं किंवा हात हलला की त्या शांतपणे "दुसरा" म्हणायच्या. मग उजवा. आणि शेवटी आपण म्हणायचं, चुकलं, बाई. एकदा माझ्या उलट्या लागलेल्या बाहीपायी तुझ्या उजव्या हाताला फटके बसले होते आणि तू आठवडाभर डाव्या हाताने जेवत होतीस. घरी काय सांगितलंस, तर मशीनच्या चाकात हात गेला. मी तेव्हा काही बोलले नाही. तुझ्या पलीकडे सुरक्षित बसले होते ना! नंतर लग्नही त्यांच्याच मुलाशी केलं. तू म्हणालीस, कात्रे, डोकं फिरलंय का तुझं? मी म्हटलं, मुलगा आईवर गेलेला नाही. ते खरंच निघालं. गेले ती मी, आईवर.

न्हाणीघराचं खोटं आहे, सुई.

दुपार होती. हे गाडीवर होते. एका कोटाला अस्तर लावून झालं होतं, गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. मी शेगडीत कोळसे घालायला वळले तेवढ्यात बाईंनी मोठी कात्री घेऊन त्याची बाही खांद्यापासून कापून काढली. कात्री काढून घ्यायला गेले तर टोक माझ्या दंडात खुपसलं. रक्त आलं. त्यावर रूळ घेऊन फुटलेल्या बोटांवर मारायला लागल्या, आणि तोंडाने चाललंय, हात पुढे, हात पुढे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रूळ हिसकावला आणि मीच ओरडले, हात पुढे. त्यांनी केला. डावा. मी मारला. त्या रडल्या नाहीत, हललं काहीच नाही. माझ्याकडे बघितलं आणि न सांगता उजवा पुढे केला. तळवा वर, अंगठा बाजूला. आपल्याला शिकवलं होतं अगदी तसा. तिथे मी थांबायला हवं होतं. एखादी राक्षसीणही थांबली असती. मी पितळेच्या टोकाने मारला, सगळा जोर लावून, आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. बाई म्हणाल्या,

"चुकलं, बाई."

मला म्हणाल्या. मला.

आता जे लिहिते ते कुणाला सांगू नकोस. मला बरं वाटलं गं. त्या आवाजानंतर किती वेळ कोण जाणे, पण आत कुठेतरी गार झाल्यासारखं बरं वाटलं. मग बोटाला फडकं बांधलं, फरशीवर पाणी ओतलं आणि दवाखान्यात नेलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. बघ, जो हात उचलत नाही त्याच्यावर गल्ली संशय घेते आणि जिने उचलला तिला दूधवाली जास्तीचं दूध देते.

वर मारतात म्हणून लिहिलं, तेही आता खरं नाही. तेव्हापासून बाई मारत नाहीत. चावत नाहीत, केस धरत नाहीत. मी खोलीत शिरले की दुलईतून प्लॅस्टर घातलेला हात बाहेर काढून पुढे धरतात. दर वेळी. चहा घेऊन गेले तरी, औषध घेऊन गेले तरी. रूळ मी शेगडीत घालून जाळला, पितळेची टोकं राखेत सापडली ती गटारात टाकली. त्याने काय होणार? हात तर अंगालाच आहे. काल त्यांनी धुतलेल्या कापडावर पाणी सांडलं आणि हात पुढे केला, आणि माझा वर गेला. गेला म्हणजे खरंच गेला, मी बघत होते. तो मी खाली आणला तो पेटलेल्या शेगडीवर. बँडेज त्याचं आहे. ह्यांना सांगितलं असतं, पण ते मला ओरडणारसुद्धा नाहीत. नुसते घरी बसतील, मालक दुसरा ड्रायव्हर ठेवेल, आणि जेवताना माझ्या हातांकडे बघत राहतील. ते मला सोसणार नाही.

सोमवारी हे लांबच्या फेरीवर निघतायत. घाटात बर्फ आहे, परत कधी येतील ते त्यांनाही माहीत नाही. पत्र बटणवाल्याच्याच हाती देतेय, म्हणजे तुला उद्याच मिळेल. गल्लीतल्या कुणाला बोलावू? सगळ्या मला बिचारी म्हणतात, कुणी माझ्यावर लक्ष ठेवणार नाही. तू ठेवशील. मला निघून ये म्हणतेस, तर तूच निघून ये, गुडघ्याला लोकर गुंडाळ आणि सोमवारच्या आत पोच. काम काही करू नकोस, मला समजावूही नकोस. नुसती तेव्हा बसायचीस तशी आमच्या दोघींच्या मध्ये बस. या खेपेला रूळ तिकडून येणार नाही, इकडून येईल. आणि बाईंनी हात पुढे केला की तो तू धर.

तुझीच,
कात्री