रक्षिताच्या माइल्सवरचा हक्क सोडताना

प्रति,
मा. श्री. विश्वासराव नलवडे,
तक्रार निवारण अधिकारी, ‘क्षितिज’ सदस्य योजना,
सह्यवात एअरवेज, विभागीय कार्यालय, बेंगळुरू.

अर्जदार : शिवलीला देवाप्पा चौगुले, मूळ राहणार निपाणी, सध्या बसवनगुडी, बेंगळुरू.

विषय : सौ. रक्षिता अभिजीत इंगळे यांच्या खात्यातील जन्मतारखेच्या दुरुस्तीविरुद्ध केलेली तक्रार मागे घेण्याबाबत; व त्यास जोडून एक विनंती.

संदर्भ : १) अर्जदाराचा मूळ तक्रार अर्ज. २) त्यावरील आपल्या कार्यालयाचे उत्तर. ३) आपल्याशी दूरध्वनीवर झालेले बोलणे.

महोदय,

१. हा अर्ज मराठीत असण्याचे कारण आपणच आहात. “इंग्रजीतल्या मेलला यंत्रच उत्तर देतं, अक्का. कागदावर मराठीत लिहा, तो माझ्याच टेबलावर येतो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हीच भाषा आहे,” असे आपण म्हणाला होता. अर्जदाराने मराठीत एम. ए. केले आहे. कवितेच्या भाषेत तक्रार लिहू नये हे तिला समजते, तरी काही ठिकाणी भाषा ऐकणार नाही. त्याबद्दल आधीच क्षमा असावी.

२. या सर्व पत्रव्यवहारामागे एकच गोष्ट आहे, ती पुन्हा स्पष्ट करते. अर्जदाराच्या आई गंगव्वा यांना काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याला आता केवळ उजेड व अंधार कळतो. उजव्या डोळ्यात चाळणीच्या एका भोकाएवढे जग शिल्लक आहे. पावसाळ्यापर्यंत तेही मिटेल असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. धाकटी बहीण महानंदा मेलबर्नला असते. तिला मुलगी झाली आहे. कायम वास्तव्याची कागदपत्रे अडकल्यामुळे महानंदाला देश सोडता येत नाही. मोबाइलच्या पडद्यावर गंगव्वांना नात तुकड्या-तुकड्याने दिसते, एकदा कान, एकदा ओठ. चेहरा जुळवून होईपर्यंत बाळ हलते. नातीचा चेहरा एकदा सबंध पाहावा, एवढीच त्यांची इच्छा आहे. अर्जदाराची नोकरी गेली असून तिकीट विकत घेणे तिला शक्य नाही. तिच्याजवळ होते ते केवळ क्षितिज खात्यातील माइल्स, म्हणजे प्रवासागणिक साठणारे व पुढे तिकिटासाठी वापरता येणारे गुण, आणि ते तिच्याजवळ नव्हते.

३. ते का नव्हते, याचे मूळ इंगळे घराण्याच्या रीतीत आहे. त्या घरात थोरल्या मुलाच्या बायकोचे नाव मुलाच्या बारशालाच ठरते. अभिजीत पाळण्यात असतानाच भटजींनी पत्रिका पाहून त्याच्या भावी पत्नीचे नाव ‘रक्षिता’ असे काढून दिले होते. पुढे जी येईल तिने ते घालायचे, जसे घरातले जुने जोडवे मापात बसो न बसो घालायचे असते. अर्जदाराचे अभिजीत यांच्याशी लग्न झाल्यावर ताटातल्या तांदळात अंगठीने ते नाव उमटले. इतर घरांत असे नाव तांदळातच राहते व कागदावर माहेरचे चालते. अभिजीत यांना ते चालले नाही, आणि त्याचे कारण आपली योजना होती. तिकिटावरचे नाव व खात्यावरचे नाव एक नसेल तर माइल्स जमा होत नाहीत. म्हणून राजपत्रात जाहिरात देऊन पासपोर्ट, आधार व नोकरीतली नोंद यांवर शिवलीला खोडण्यात आली.

४. अर्जदार बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत होती. रुग्णालयांत नोंदणीची संगणकप्रणाली बसवून तेथील लोकांना शिकवणे हे तिचे काम, त्यामुळे दर आठवड्याला विमान. अभिजीत यांना माइल्स साठवण्याच्या शास्त्रात गती होती, हे मान्य केले पाहिजे. कोणत्या कार्डाचे गुण कोणत्या सणाच्या सवलतीत माइल्समध्ये वळवावेत, परतीच्या जागा किती महिने आधी सुटतात, संक्रांतीचा गूळ कोणत्या भागीदार दुकानातून घ्यावा, सर्व त्यांना तोंडपाठ होते. “माइल्सचं सोनं करायचं असतं, खिचडी नाही,” असे ते म्हणत. थेट विमान त्यांच्या मते उधळपट्टी. लांबच्या वाटेला माइल्स जास्त, म्हणून नागपूरहून बेंगळुरूला येणारी अर्जदार दिल्लीवरून येत असे. ढगांच्या वर एक प्रकाश असतो, तो कोणाच्याही अंगणात पडत नाही. अर्जदाराची कित्येक वर्षे त्या प्रकाशात वाळत पडली होती.

मार्चअखेरीस, गोल्ड श्रेणी टिकण्यास थोडेच कमी पडत असताना, अर्जदाराचे वडील देवाप्पा अत्यवस्थ झाले. अर्जदार नागपुरात होती. अभिजीत यांनी तातडीने तिकीट काढले : नागपूर ते दिल्ली, दिल्ली ते बेंगळुरू, बेंगळुरू ते बेळगावी. दुसऱ्या कंपनीचे जवळच्या वाटेने जाणारे विमान होते. त्याचे माइल्स क्षितिजला लागत नव्हते. अर्जदार निपाणीला पोहोचली तेव्हा चिता विझत आली होती. त्या दिवशी अभिजीत यांचा निरोप आला : “गोल्ड झालं. बाबांचं वाईट वाटलं.” या क्रमाने.

५. पुढे उभयतांच्या संमतीने घटस्फोट झाला. घर सोडताना सासूबाई जमनाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “साड्या ने, भांडी ने. नाव मात्र आमच्या घरचं आहे, ते इथंच ठेवून जा.” अर्जदाराने आनंदाने ठेवले. पुन्हा राजपत्र, पुन्हा पासपोर्ट. क्षितिज खात्याला मोबाइल क्रमांक अभिजीत यांचा जोडलेला आहे, हे मात्र तिच्या ध्यानात आले नाही. ज्या देहाने प्रवास केला त्याचेच माइल्स असतील, अशी तिची समजूत होती. ही समजूत योजनेच्या नियमावलीत कोठेही नाही.

६. वर्षभरात अभिजीत यांनी धनलक्ष्मी नावाच्या मुलीशी विवाह केला. ताटात तांदूळ पसरले, अंगठी फिरली व तीही रक्षिता अभिजीत इंगळे झाली. नाव तेच, पतीचे नाव तेच, पत्ता महादेवपुऱ्यातील तोच. फरक होता तो जन्मतारखेचा. नव्या पासपोर्टची प्रत जोडून ‘जन्मतारखेतील चूक दुरुस्त करून मिळावी’ असा अर्ज आपल्या कार्यालयात आला व मंजूर झाला. म्हणजेच, महोदय, अर्जदाराचा जन्म हीच नोंदीतील चूक ठरली आणि ती दुरुस्त करण्यात आली.

अर्जदाराच्या तक्रारीवर आपल्या कार्यालयाने कळवले की, खाते सौ. रक्षिता यांचेच असून त्यांची कागदपत्रे परिपूर्ण आहेत, ‘व सदस्या समाधानी आहेत.’

७. त्यानंतर आपण स्वतः दूरध्वनी केलात. “स्वल्प थांबा, अक्का,” असे कानडी वळणाने म्हणून आपण नियमावली उघडलीत व म्हणालात, “सरी. दोनच वाटा आहेत बघा. सदस्याने आपण होऊन द्यायचं, नाहीतर सदस्य मयत व्हायचा. मग वारसाला मिळतात.” अर्जदाराने विचारले की, पहिली रक्षिता मयत झाली असे धरून शिवलीलेला तिची वारस मानता येईल काय. आपण हसलात. “दाखला कुठून आणणार, अक्का?” तेव्हा अर्जदारही हसली होती. नंतर मात्र तिने महानगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन खरोखरच चौकशी केली. जिच्या नावाचा विमानतळांवर पुकारा होत असे ती बाई आता पृथ्वीवर कोठेही नाही. पण तिला कोणी जाळलेले नसल्यामुळे दाखला मिळत नाही, असे समजले.

८. राहिली पहिली वाट. त्यासाठी अर्जदार महादेवपुऱ्याला गेली. जमनाबाईंनी दार उघडले, आत पाहून म्हणाल्या, “रक्षिता, दोन कप चहा टाक गं.” स्वयंपाकघराकडे दोघी वळल्या. “तू बस,” जमनाबाई अर्जदाराला म्हणाल्या. “तुला नाही सांगितलं.”

अभिजीत यांनी सर्व ऐकून घेतले. “दुसऱ्याला ट्रान्सफर केलं की निम्मी किंमत जाते. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून एवढंही शिकली नाहीस?”

“माझ्यासाठी नको. आईच्या डोळ्यांसाठी मागते.”

ते मोबाइलवर काही पाहत राहिले. मग म्हणाले, “थांब. नॉमिनीच्या यादीत ‘रक्षिताची आई’ म्हणून गंगव्वांचं नाव अजून आहे. मी काढलंच नव्हतं. आणि हे माइल्स मार्चअखेर तसेही बाद होणार. मेलबर्नला पुढच्या महिन्यात दोन सीट निघतायत. हिलाही मेलबर्न बघायचंच आहे.”

नॉमिनी म्हणजे खात्यातील माइल्सवर ज्यांचे तिकीट निघते ते नातेवाईक; त्यांच्यासोबत खातेदाराने स्वतः प्रवास करावा, असा या सवलतीचा नियम आहे, तो आपणास ठाऊक आहे. अर्जदाराने विचारले की, खातेदाराऐवजी तिला जाता येईल काय. आईला थेंब घालावे लागतात, रात्री तिचा हात धरावा लागतो. यादीत नवे नाव सहा महिन्यांनी लागू होते, असे अभिजीत यांनी सांगितले. जमनाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “आणि नात्याच्या रकान्यात काय लिहायचं गं? सवत?” अभिजीत यांनी खरोखरच यादी पाहिली. तो पर्याय नाही.

अट एकच घालण्यात आली. तक्रार मागे घ्यायची व प्रतिज्ञापत्र द्यायचे की, सदर खात्यातील कोणत्याही प्रवासाशी अर्जदाराचा संबंध नाही व कधीही नव्हता. अर्जदाराने ते दिले आहे. वडिलांची चिता पेटली तेव्हा दिल्लीच्या आकाशात पट्टा बांधून जी बाई बसली होती, ती यापुढे अर्जदार नव्हे. ते दुःखही खात्यासोबत हस्तांतरित झाले असे समजावे. नव्या सदस्येला ते वापरायचे नसेल, तर तेही मार्चअखेर बाद व्हावे.

लिफ्टपर्यंत पोहोचवायला धनलक्ष्मी आली होती. हळूच म्हणाली, “अक्का, थेंब मी वेळेवर घालीन. मला शिकवून ठेवा.” आणि दार मिटता मिटता, “घरी अजून कुणी कुणी मला धना म्हणतं. माहेरी.” तिच्याविषयी अर्जदाराची काहीही तक्रार नाही, हे येथे नोंदवते.

९. यात कोणतीही फसवणूक नाही, हे आपल्याच कार्यालयाने सिद्ध केले आहे. आपल्या पत्रानुसार खातेदार रक्षिता या एकच व पूर्वीपासूनच्या सदस्या आहेत. आणि आपल्या यादीनुसार गंगव्वा त्यांच्या मातोश्री आहेत. अर्जदाराने या दोन्ही गोष्टी मान्य केल्या आहेत. त्या मान्य करणारे सध्या सगळेच आहेत, एक व्यक्ती सोडून.

गेल्या रविवारी धनलक्ष्मी बसवनगुडीला आली. अर्जदाराने तिचा हात आईच्या हातात दिला. “आई, ही रक्षिता. हिच्याबरोबर जायचं. विमानतळावर कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचं, ही माझी लेक.”

गंगव्वांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. “नाक चांगलं हाय पोरीचं. पर ही माझी लेक न्हवं.”

“एकदाच म्हण. नातीचं तोंड दिसेल.”

“आगं, तुझं नाव बदललं तवा मी गप बसले. कागदावरनं तू गेलीस तवाबी गप बसले. आता ते माझ्या तोंडानं वदवून घेतीस व्हय? डोळं गेलं म्हणून तोंडबी जावं का?”

धनलक्ष्मी रडू लागली. गंगव्वांनी तिचे डोळे पुसले, तिला गूळ-शेंगदाणे दिले, “जाऊ की आपण दोघी, तू चांगली हाईस,” असे सांगितले; पण ते वाक्य म्हटले नाही. त्यानंतर अर्जदाराने कधी समजावून, कधी दटावून, पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. एकदा ती आईवर ओरडली. ‘रक्षिता’ हे नाव धारण करून जी आईच्या सणाला आली नाही व आईच्या नवऱ्याच्या चितेपाशी वेळेवर पोहोचली नाही, तिने आता आईला खोटे शिकवण्यासाठी ओरडावे, हे अर्जदाराला स्वतःलाच ऐकवले नाही.

१०. सबब, तक्रार विनाअट मागे घेत आहे. खाते, त्यातील माइल्स, गोल्ड श्रेणी व दुरुस्त जन्मतारीख यांवर अर्जदाराचा कोणताही दावा नाही. विनंती केवळ आईच्या उत्तरांबाबत आहे.

काउंटरवर किंवा विमानाच्या दारात “सोबतच्या बाई तुमच्या कोण?” असे विचारल्यास गंगव्वा सांगतील, “चांगली पोर हाय, पर माझी न्हवं.” “मुलगी सोबत नाही का?” असे विचारल्यास त्या सांगतील, “घरी हाय.” आपल्या नोंदीप्रमाणे ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ते म्हाताऱ्या माणसाचे विसरणे समजावे. कोणी कर्मचारी तत्पर असेल व त्याने नोंद तपासली, तर आपण त्याला आधीच सांगून ठेवावे की, या बाईंना दिसत नाही, म्हणून त्या असे बोलतात. त्यांना खाली उतरवू नये.

अर्जदार आईला निरोप देण्यासाठी विमानतळावर येणार नाही. टॅक्सीत बसवूनच ती मागे फिरेल. तेथे तिचा श्वास जरी ऐकू आला, तरी आई तिला नावाने हाक मारील.

आपली नम्र, व यापुढे आपल्या नोंदीत नसलेली,

(सही)
शिवलीला देवाप्पा चौगुले
बसवनगुडी, बेंगळुरू
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

सोबत : प्रतिज्ञापत्र, गंगव्वा यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, व विमानातील सेविकांसाठी डोळ्यांत थेंब घालण्याच्या वेळा.